ग्राफीन टाकून लॅमिनेट कमजोर का झालं, आणि फंक्शनलाइज्ड ग्रेड घ्यायच्या आधी काय बघायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं सांगलीकडे एफआरपीचं, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन यांच्या थरांचं, छोटं युनिट आहे, प्लेटिंगवाल्यांना ॲसिडच्या टाक्या आणि डक्ट करून देता, हँड ले-अप, म्हणजे हातानं थर चढवून, इपॉक्सी रेझिन, ते घट्ट करणारा अमाइन हार्डनर. ग्राफीनची, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांची, पावडर आणलीत, ०.५ टक्का रेझिनमध्ये टाकून ड्रिलला पंखा लावून ढवळली, लॅमिनेट (थरांचा पत्रा) काढलं, कॉलेजात बेंडिंग टेस्ट करून घेतली, तर ताकद वाढायचं सोडून १२ टक्के कमी भरली. सप्लायर म्हणतो साधी पावडर चालत नाही, फंक्शनलाइज्ड, म्हणजे रेझिनला धरणारे रासायनिक गट बसवलेली, घ्या, भाव चौपट. मित्र म्हणतो हमर्स पद्धतीनं (ॲसिड आणि परमँगनेट वापरून) ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचे गट चढवलेलं ग्राफीन, घरीच बनव. आता कुठलं घ्यायचं, की बनवायचं?

मी १८ वर्षं रेझिन फॉर्म्युलेशनमध्ये काम करते, त्यातली अर्धी तरी नॅनो फिलर्समध्ये गेली आहेत. मला विचाराल तर तुमचा प्रश्न अजून ग्रेडपर्यंत आलेलाच नाही. त्याच्या आधी तीन गोष्टी बघायला पाहिजेत: पिशवीत नक्की काय आहे, ते रेझिनमध्ये सुटं झालं का, आणि टाकीत तुम्हाला त्याच्याकडून काय काम करून घ्यायचंय. ह्या तिन्हीची उत्तरं आली की केमिस्ट्री कुठली हे जवळजवळ आपोआप ठरतं, आणि नाही आली तर चौपट भावाची पावडरसुद्धा तसाच निकाल देईल.

पहिली गोष्ट पिशवीची. सप्लायरकडून डेटाशीट मागा आणि त्यात बीईटी सरफेस एरिया, म्हणजे वायू चिकटवून मोजलेलं ग्रॅममागचं क्षेत्रफळ, शोधा. एकपदरी ग्राफीनचं क्षेत्रफळ हिशेबानं ग्रॅमला सुमारे २६३० चौरस मीटर येतं, दोन्ही बाजू धरून. तर २६३० ला डेटाशीटवरच्या आकड्यानं भागायचं, साधारण किती थर एकावर एक आहेत ते कळतं. शीटवर १२० असेल तर २२ थर झाले, ३० असेल तर जवळपास ८८. आयएसओच्या व्याख्येत १० थरांपर्यंतच ग्राफीन म्हणतात, त्याच्या पुढे ते ग्राफाइटचे पातळ पापुद्रेच. हिशेब ढोबळ आहे, कारण पापुद्रे एकमेकांना चिकटलेले असले तरी आकडा खाली येतो, पण तुमच्यासाठी चिकटलेले काय आणि मुळातच जाड काय, त्रास सारखाच. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही हं. २०१८ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटानं जगभरच्या ६० उत्पादकांचे नमुने तपासले, तेव्हा बहुतेकांमध्ये खरं ग्राफीन १० टक्क्यांपेक्षाही कमी निघालं. जाड पापुद्रे वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, काही कामांना ते चांगले आणि स्वस्तही पडतात, फक्त मग त्यांच्याकडून ग्राफीनच्या जाहिरातीतले आकडे मागायचे नाहीत.

दुसरी गोष्ट, ताकद कमी का झाली. हे नीट समजून घ्या, कारण ९० टक्के लोक इथंच चुकीचा निष्कर्ष काढतात. कडकपणा, म्हणजे मॉड्युलस, हा सगळ्या मालाची सरासरी असतो, तर ताकद ठरते मालातल्या सगळ्यात वाईट जागेवरून. कापड जिथं आधी विरलंय तिथूनच फाटतं, बाकी कितीही दणकट असो. ड्रिलच्या पंख्यानं ह्या पावडरच्या गुठळ्या फुटत नाहीत. पापुद्रे एकमेकांना फार घट्ट धरून असतात आणि गुठळीच्या आत रेझिन शिरतच नाही, आत हवा आणि कोरडी पावडर राहते, म्हणजे तुम्ही ५०-१०० मायक्रॉनची भोकंच लॅमिनेटमध्ये पेरली म्हणायची. शिवाय पावडरनं रेझिन दाट होतं, रोलर मारताना बुडबुडे निघत नाहीत, मॅट नीट भिजत नाही. माझा अंदाज आहे की तुमचा मॉड्युलस थोडासा वाढलेला किंवा आहे तेवढाच असेल आणि ताकद तेवढी पडली असेल. कॉलेजकडून पूर्ण ग्राफ मागून घ्या आणि बघा. तसं असेल तर तुमचा दोष गुठळ्यांचा आहे, पापुद्रा आणि रेझिन यांच्यातल्या बाँडिंगचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

ह्याची तपासणी अगदी स्वस्तात होते. पेंटवाल्यांकडे हेगमन गेज असतो, खाचा असलेली स्टीलची पट्टी. त्यात रेझिन ओढायचं आणि कण कुठल्या मायक्रॉनवर दिसायला लागतात ते वाचायचं. ५० वरच ठिपके दिसत असतील तर लॅमिनेट काढूच नका. मिश्रण सुटं करायला पेंट आणि शाईवाल्यांची ट्रिपल रोल मिल (तीन रोलरांमधून रगडणारी) हे माझं आवडतं यंत्र आहे. आधी ३ ते ५ टक्क्यांचा दाट मास्टरबॅच करायचा, मिलमधून गॅप कमी करत करत चार-पाच वेळा काढायचा, आणि मग साध्या रेझिनमध्ये पातळ करून ०.१ ते ०.३ टक्क्यावर आणायचा. यंत्र विकत घ्यायची गरज नाही, जॉबवर्कवर काढून देतात. प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारा) छोट्या बॅचला चालतो, पण जास्त वेळ चालवला की पापुद्र्यांचे तुकडे पडतात आणि आकार गेला की फायदाही गेला. मँचेस्टरच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं होतं की रेझिनमधला ताण पापुद्र्यावर पूर्ण चढायलाच साधारण ३ मायक्रॉन लांबी लागते, म्हणजे पापुद्रा त्याच्या बराच पुढे असेल तरच काही पदरात पडणार. आणि ०.५ वरून खाली उतरा असं का म्हणते, तर २००९ मध्ये अमेरिकेतल्या रेन्सलेर पॉलिटेक्निकमधल्या लोकांनी इपॉक्सीत फक्त ०.१ टक्का टाकून मॉड्युलस ३१ टक्के आणि टेन्साइल ताकद ४० टक्के वाढलेली दाखवली. ते प्रयोगशाळेतलं चांगल्यात चांगलं काम आहे, तुम्हाला तेवढं मिळेल असं मी अजिबात सांगणार नाही, पण सुटं झालं तर थोडं पुरतं आणि नाही झालं तर जास्तीनं बिघडतं एवढं त्यावरून लक्षात ठेवा.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत हीच सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या लॅमिनेटमध्ये भार कोण उचलतं? काच. ई-ग्लासचा (नेहमीच्या काचेचा) धागा ७२ गिगापास्कल मॉड्युलसचा, तुमचं रेझिन ३ च्या आसपास. रेझिन १० टक्क्यांनी सुधारलं तरी धाग्याच्या दिशेनं लॅमिनेटला ते जाणवतसुद्धा नाही. ग्राफीनचा फायदा दिसतो तो जिथं रेझिन एकटं पडतं तिथं: दोन थरांमधली पकड, बारीक तडे, आणि ॲसिडचं झिरपणं. ॲसिडच्या टाकीला खरं तर हेच पाहिजे ना? टाकी सहसा वाकून मोडत नाही, आतल्या रेझिनच्या थरातून ॲसिड हळूहळू शिरतं, काचेपर्यंत पोचतं आणि मग काच खाल्ली जाते. चपटे पापुद्रे रेझिनमध्ये आडवे बसले की आत शिरणाऱ्या रेणूला वळसे घालत जावं लागतं, वाट लांब होते. त्यामुळं तुम्ही बेंडिंगची ताकद मोजत बसण्यापेक्षा शॉर्ट बीम शियर (थरांमधली पकड मोजणारी टेस्ट) करा आणि एक तुकडा तुमच्याच गिऱ्हाइकाच्या ॲसिडमध्ये ठेवून दर आठवड्याला वजन करा. ग्राफीनही अख्ख्या जाडीत नको, आतल्या लायनरच्या थरातच टाका, खर्च एकदम खाली येईल. (क्रोमिक ॲसिड असेल तर मात्र अमाइननं क्युअर केलेलं इपॉक्सी मुळातच चुकीचं आहे, ते ग्राफीननं सुधारणार नाही, तिथं आधी रेझिन बदला. आणि लायनरची स्पार्क टेस्ट, म्हणजे विजेच्या ठिणगीनं बारीक भोकं शोधायची टेस्ट, करत असाल तर ध्यानात ठेवा, पापुद्र्यांची एकमेकांना लागून वाट तयार झाली तर थर वीज वाहायला लागतो आणि ती टेस्ट खोटी ठरते.)

आता केमिस्ट्री. तुम्ही एफआरपीवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. काचेच्या रोविंगवर (धाग्यांच्या जुडीवर) सायझिंग, म्हणजे लेप, असतं, त्यात सायलेन असतो, एक टोक काचेला धरतं आणि दुसरं रेझिनला. ग्राफीनचं फंक्शनलायझेशन म्हणजे तेच काम. पण एक मोठा फरक आहे. काचेच्या पृष्ठभागावर पकडायला हायड्रॉक्सिल असतातच, ग्राफीनच्या सपाट अंगावर काहीच नसतं. तिथला प्रत्येक कार्बन शेजारच्या तिघांशी बांधलेला आणि समाधानी, हात मोकळा असलाच तर कडेला. म्हणून आधी अंगावर हात निर्माण करावे लागतात, आणि त्याची सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे ऑक्सिडेशन. त्यानं अंगावर इपॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल येतात, कडेला कार्बॉक्सिल, आणि जो माल पाण्यात कधीच जात नव्हता तो पाण्यात सहज सुटा होतो.

पण हात फुकट मिळत नाहीत. कार्बनला चौथा बाँड दिला की तो सपाट विणीतून वर उचलला जातो आणि तेवढी वीण तुटते. शुद्ध ग्राफीनचा मॉड्युलस १००० गिगापास्कल, हे २००८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मोजलं गेलं. एकपदरी ग्राफीन ऑक्साइडचा, जाडी ०.७ नॅनोमीटर धरून, २०८ च्या आसपास भरतो. वीज वाहणं तर जवळजवळ बंदच होतं, रिड्यूस करून (ऑक्सिजन काढून) काही परत येते पण पूर्ण कधीच नाही. म्हणून मला कुणी विचारलं की कुठलं फंक्शनलायझेशन बेस्ट, तर मी उलट विचारते की तुम्हाला काय गमावलेलं चालणार आहे. अँटिस्टॅटिक फ्लोअरिंग किंवा उष्णता वाहून न्यायची असेल तर अंगाला हात लावू नका, पायरीनसारखे चपटे रेणू वापरा जे बाँड न करता नुसते अंगावर चिकटून बसतात आणि त्यांची शेपटी रेझिनमध्ये राहते, किंवा नुसत्या कडा सुधारलेला ग्रेड घ्या. तुमच्यासारखं थरांची पकड आणि झिरपणं हे काम असेल तर वीज गेली तरी तुमचं काही बिघडत नाही, उलट बरंच, तिथं ऑक्साइड किंवा त्याच्यावर केलेला अमाइन नाहीतर सायलेन ग्रेड योग्य. २०८ सुद्धा रेझिनच्या ३ पुढं भरपूर आहे.

इपॉक्सीला अमाइन की सायलेन? दोन्ही चालतात. इपॉक्सी टोकाचा सायलेन हार्डनरशी जोडला जातो, अमाइन टोकाचा रेझिनशी, दोन्हीकडून जाळ्यात ओवला जातो. उद्या विनाइल एस्टरवर (दुसऱ्या जातीच्या रेझिनवर) गेलात तर दोन्ही सोडून मेथाक्रिलेट टोकाचा सायलेन लागेल, कारण तिथं क्युअर वेगळ्या मार्गानं होतो. आणि पापुद्रे जाड असतील, तुमच्या पिशवीत असतील तसे, तर केमिस्ट्री फक्त बाहेरच्या दोन थरांवर बसते, आतले २० थर एकमेकांवर घसरायला मोकळेच. बाहेर कितीही पक्का बाँड करा, ताण आला की पापुद्रा आतूनच सोलतो. सप्लायर तुम्हाला हे सांगणार नाही, म्हणून फंक्शनलाइज्ड घेताना सुद्धा बीईटी आधी बघा.

अमाइन ग्रेडबद्दल एक अनुभव सांगते, त्यानं मला बरंच शिकवलं. काही वर्षांपूर्वी एका सप्लायरचा अमाइन-फंक्शनल माल आला, ०.२ टक्क्यावर थरांची पकड चांगली वाढली, सगळे खूश, प्रॉडक्शन ट्रायल ठरली. मला एक गोष्ट खटकत होती की क्युअर जरा लवकर होतोय. मग पावडर इथेनॉलमध्ये दोन-तीनदा धुतली आणि धुतलेलं इथेनॉल उडवलं, तर खाली चिकट अमाइन राहिलं, बरंच. बाँड झालेला भाग थोडा आणि नुसता चिकटून बसलेलाच जास्त. धुतलेली पावडर घालून परत लॅमिनेट काढलं तर वाढ जवळजवळ गायब. आणखी खोलात गेल्यावर कळलं की आमच्या मूळ फॉर्म्युल्यात हार्डनर थोडा कमीच होता, ती सुटी अमाइन तो खड्डा भरत होती. म्हणजे वाढलेली पकड ग्राफीनची नव्हतीच, ती आम्हाला हार्डनरचं प्रमाण दुरुस्त करूनही मिळाली असती. तेव्हापासून मी कुठलाही फंक्शनलाइज्ड नमुना आधी धुते आणि मगच तपासते. तुमच्याकडे ट्रायथिलीन टेट्रामाइन हार्डनर आणि साधं लिक्विड इपॉक्सी असेल तर १०० भागाला १३ भाग हार्डनर येतो, तुम्ही डब्यावरचं बघून वजनावर घेताय की मापानं ओतताय हे एकदा तपासा. आणि साध्या रेझिनचं लॅमिनेटसुद्धा अगदी तसंच करा, तेवढंच ढवळून, तेवढाच व्हॅक्यूम देऊन, दोन्हीचे निदान पाच-पाच तुकडे. नाहीतर तुम्ही ग्राफीनची तुलना साध्याशी न करता दोन वेगळ्या दिवसांची करताय.

घरी बनवायचं म्हणाल तर नको. हे मी जरा जोरानंच सांगते. हमर्स आणि ऑफेमन यांची १९५८ ची कृती १०० ग्रॅम ग्राफाइटला २.३ लिटर कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक आणि ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट मागते, वर सोडियम नायट्रेट. म्हणजे एका किलोला २३ लिटर ॲसिड. परमँगनेट आणि सल्फ्युरिक मिळून मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं, ते ५५ डिग्रीच्या वर किंवा सेंद्रिय वस्तूला लागलं की स्फोट होऊ शकतो, आणि तुमच्या शेडमध्ये ॲसिटोन, रेझिन, चिंध्या सगळं आसपास असतंच. नायट्रेटमुळं विषारी तपकिरी वायू सुटतात. २०१० मध्ये राइस विद्यापीठातल्या लोकांनी नायट्रेट काढून फॉस्फोरिक ॲसिड घातलं, वायूचा प्रश्न सुटला, पण ॲसिडचा आणि परमँगनेटचा नाही. मग धुणं. जसजसं ॲसिड निघून जातं तसा माल फुगून जेलीसारखा होतो आणि फिल्टर तुंबतं, सेंट्रीफ्यूजवर दिवसच्या दिवस जातात. धुतल्याचं मँगनीजचं आम्लयुक्त पाणी नाल्यात सोडता येत नाही, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात ते बसवावं लागेल. आणि नीट न धुतलेला, पोटॅशियमचे क्षार राहिलेला कोरडा ऑक्साइड गरम झाला की स्वतःहून जळत जातो. एवढी जोखीम दोन किलो मालासाठी घेऊ नका.

विकत घेताना ऑक्साइड कोरडी पावडर घेऊ नका, पाण्यातली पेस्ट घ्या. एकदा वाळला की पापुद्रे पापडासारखे एकावर एक बसतात आणि मग कितीही ढवळा, पूर्वीसारखे सुटत नाहीत. आमच्या एका मुलानं एक चांगला लॉट रात्रभर ६० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवला होता, सकाळी ट्रेमध्ये चकचकीत काळा पत्रा, तो परत कधीच सुटला नाही. पेस्टमधलं पाणी ॲसिटोननं तीन-चार वेळा बदलून काढायचं, मग ती ओली पेस्ट रेझिनमध्ये मिसळायची, आणि ६०-७० डिग्रीला व्हॅक्यूमखाली ॲसिटोन पूर्ण काढायचं. पूर्ण म्हणजे वजन थांबेपर्यंत, अंदाजानं नाही. राहिलेलं ॲसिटोन हार्डनरच्या अमाइनशीही खेळतं आणि रेझिन मऊही ठेवतं. हे काम उघड्या हीटरवर करू नका, ज्वालारोधक व्यवस्था असलेल्या ठिकाणीच करा.

खर्चाचं म्हणाल तर आधी पैसे पावडरवर न घालता तपासणीवर घाला. थोडी पावडर रामन तपासणीला (लेझरच्या प्रकाशानं करतात ती) द्या. १३५० च्या आसपासचा डी पीक आणि १५८० चा जी पीक यांचं प्रमाण बघितलं की अंगावर किती मोडतोड आहे कळतं. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये २६.५ अंशावर टोकदार पीक म्हणजे ग्राफाइटसारखा एकावर एक बसलेला माल, चांगला ऑक्साइड १०-११ अंशाकडे सरकतो. टीजीए, म्हणजे तापवत नेऊन वजन मोजणं, केलं की किती केमिस्ट्री बसलीय त्याचा वजनानं अंदाज येतो. तुम्हाला जवळ कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहे, नाहीतर पुणे विद्यापीठ किंवा आयआयटी मुंबई, तिथल्या उपकरण केंद्रांत बाहेरचे नमुनेही घेतात, आधी फोन करून फी विचारा. आणि थोड्या प्रमाणानं काही होत नाही असं समजू नका, फोर्डनं २०१८ पासून गाड्यांच्या बॉनेटखालच्या फोमच्या भागांत ग्राफीन घालायला सुरुवात केली, तिथंही प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत आहे.

तर क्रम असा ठेवा: आहे त्याच पावडरीचा हेगमन आणि बीईटी, मग रोल मिलवरून ०.२ टक्क्याचं एक लॅमिनेट आणि बरोबर साध्या रेझिनचं, शॉर्ट बीम शियर आणि ॲसिडमधलं वजन. ह्यात सुधारणा दिसली तर कदाचित महाग ग्रेडची गरजच लागणार नाही. गुठळ्या नाहीत, थर पातळ आहेत आणि तरीही पकड वाढत नाही, असं झालं तरच अमाइन किंवा सायलेन ग्रेडचा १०० ग्रॅमचा नमुना मागवा, आणि धुवून वापरा.

तुटलेले तुकडे टाकून दिले नसतील तर तुटलेल्या कडेचा भिंगातून किंवा मोबाइलच्या मॅक्रोनं फोटो इथं टाका. काळे ठिपके दिसतायत की काच कोरडी उघडी पडलीय हे बघायचंय, दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. सोबत डेटाशीटवरचा सरफेस एरिया, हार्डनरचं नाव आणि टाकीत कुठलं ॲसिड किती टक्क्याचं हेही लिहा. हे आलं की प्रमाणाचे आकडे मी काढून देते.